कुत्र्याचे पोट बिघडल्यावर ‘आणू नका’ असेही सांगणारा दवाखाना

कोथरूडमधील ज्या दवाखान्यात आम्ही आमच्या देशी कुत्रीला नेतो, तेथे उलटी-जुलाबाचा फोन आल्यावर ‘घेऊन या’ असे सरसकट सांगितले जात नाही. वय किती, लसीकरण पूर्ण आहे का, प्यायलेले पाणी पोटात टिकते का, शीचा रंग कसा आहे, घरातले एखादे औषध, मनुके किंवा फळाची कोय नाहीशी झाली आहे का, हे सारे विचारल्यावरच पुढचे ठरते.

एप्रिलमध्ये तिला जुलाब झाले होते, पण ती पाणी पीत होती आणि दारावरची बेल वाजताच धावत होती. डॉक्टरांनी तिला आणू नका असे सांगून मीठ-मसाल्याविना उकडलेले चिकन आणि मऊ भात थोडाथोडा देण्यास, दूध बंद ठेवण्यास आणि चोवीस तासांत उतार न पडल्यास पुन्हा कळवण्यास सांगितले. माणसांच्या गोळ्या, विशेषतः वेदनाशामके, कदापि देऊ नयेत, हेही बजावले. दुसऱ्या दिवशी पोट पूर्ववत झाले.

आंब्याच्या दिवसांत मात्र तिने कचऱ्याच्या डब्यातून कोय पळवली, आणि पाणीसुद्धा उलटून पडू लागले, तेव्हा त्याच डॉक्टरांनी ‘लगेच निघा’ म्हटले. टेबलावर घेताच त्यांनी तिचा ओठ वर करून हिरडी अंगठ्याने दाबली. पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा, तो रेंगाळत होता. मानेवरची चिमटीत धरलेली कातडीही सावकाश खाली बसली. शरीरातले पाणी किती कमी झाले आहे, हे त्यांनी आम्हाला असे प्रत्यक्ष दाखवले, सलाईन सुरू केले, आणि सोनोग्राफीत आतड्यात अडकलेली कोय दिसल्यावर त्याच संध्याकाळी शस्त्रक्रिया केली. ती आता ठणठणीत आहे.

लसीकरण अपुरे असलेल्या पिल्लाला उलट्या किंवा रक्ताचे जुलाब झाले, तर येथे घरगुती उपाय सुचवले जात नाहीत, कारण पार्व्हो या संसर्गजन्य विषाणूच्या आजारात दिवसभराची वाटही जिवावर बेतू शकते. अशा पिल्लाला प्रतीक्षागृहात न बसवता गाडीतच तपासतात, ही दक्षता मला विशेष भावली. डांबरासारखी काळी शी, पांढुरक्या हिरड्या, किंवा जर्मन शेफर्डसारख्या खोल छातीच्या कुत्र्याचे पोट फुगून नुसते कोरडे उमासे येणे, यांपैकी काहीही सांगितले की रांग बाजूला ठेवून आधी त्यालाच घेतात.

उणीव आहे ती रात्रीची. नऊनंतर फोन बंद असतो आणि दाराबाहेर रात्री चालू असणाऱ्या एखाद्या रुग्णालयाचा पत्ताही लावलेला नाही, जो लावणे मुळीच अवघड नाही. शस्त्रक्रियेच्या खर्चाचा अंदाजही तोंडी मिळाला. तो लेखी मिळायला हवा. तरीही कोथरूड परिसरातील श्वानपालकांना मी दिवसाच्या वेळेसाठी हाच दवाखाना सुचवीन.