सेन्सरवर अँटीबॉडी बसवायची कशी: नुसती चिकटवून, ईडीसीने की प्रोटीन जी वापरून?

प्रोजेक्टला ई. कोलाय हा बॅक्टेरिया पकडणारा सेन्सर घेतलाय आणि तो धरणारं प्रोटीन, म्हणजे अँटीबॉडी, त्यावर कशी बसवायची तिथंच गाडी अडलीय, असं सांगली-साताऱ्याकडची पोरं विचारतात तेव्हा मी आधी एकच विचारतो, सॅम्पल काय आहे, कृष्णेचं पाणी का कच्चं दूध?

सगळ्यात स्वस्त म्हणजे नुसतं चिकटवणं, अर्थात अ‍ॅडसॉर्प्शन. पॉलिस्टायरीनच्या प्लेटमध्ये ९.६ पीएचच्या कार्बोनेट बफरमधून अँटीबॉडी टाकायची, रात्रभर फ्रीजमध्ये ४ अंशाला ठेवायची, सकाळी धुवून बीएसएने (गाईच्या रक्तातलं प्रोटीन) ब्लॉक करायचं, म्हणजे मोकळी राहिलेली जागा झाकायची, झालं. पण अँटीबॉडी आडवीतिडवी पडते, बॅक्टेरिया पकडायची टोकं बऱ्याचदा खालीच दबतात, धुताना थोडी निघूनही जाते. अँटीबॉडी काम करतीय का एवढंच बघायचं असेल तर चालतंय की.

ईडीसी-एनएचएस या जोडणाऱ्या रसायनांची जोडणी पक्की. सेन्सरच्या सोन्याच्या चिपवर कार्बोक्सिल टोकाच्या थायॉलचा (सोन्याला चिकटणारा गंधकाचा रेणू) थर द्यायचा, तो अ‍ॅक्टिव्हेट केला की अँटीबॉडीचे अमाइन तिथं घट्ट जोडले जातात. पकडायची तोंडं इथंही कुठंही असतात, आणि नखरे लई! ईडीसी पाण्यात टिकत नाही, ऐनवेळी विरघळवायचं, मध्येच चहाला गेलात की वाया गेलं, ट्रिस बफर अजिबात नको कारण त्याच्यात स्वतःचं अमाइन असतं आणि जागा तेच अडवतं, आणि अँटीबॉडीच्या बाटलीत बीएसए घातलेलं असेल तर आधी काढा नाहीतर चिपवर तेच बसणार.

प्रोटीन ए आणि जी ही बॅक्टेरियाची प्रोटीनं कागदावर सगळ्यात भारी, अँटीबॉडीची शेपटी (पकडायच्या तोंडांच्या उलटी बाजू) धरतात म्हणून तोंडं वर राहतात. सशाची अँटीबॉडी असेल तर ए मस्त, उंदराची आयजीजी१ (आयजीजी हा अँटीबॉडीचा एक प्रकार) असेल तर जी घ्या. नदीच्या पाण्याला मी हेच घेईन. कच्च्या दुधाला मात्र नाही, कारण दुधात जनावराची स्वतःची आयजीजी असते, प्रोटीन जी तिलाही धरतं, मग ती रिकाम्या जागा भरते आणि कधी तुमची अँटीबॉडी उठवून तिथं बसते. क्रॉसलिंक करून, म्हणजे अँटीबॉडी प्रोटीन जीला कायमची जोडून, भागतं, पण एवढा खटाटोप करायचाच तर सरळ ईडीसीच करा ना.

बायोटिन-स्ट्रेप्टाव्हिडिनची (अँटीबॉडीला बायोटिन लावायचं, चिपवरचं स्ट्रेप्टाव्हिडिन ते धरतं) पकड जबर, पण खर्चिक, आणि ब्लॉकिंगला दूध पावडर वापरू नका, तिच्यात बायोटिन असतं.

मस्टायटिसच्या (कासदाहाच्या) दुधात स्टॅफिलोकोकस ऑरियस शोधणार असाल तर अजून एक भानगड आहे. प्रोटीन ए मुळात याच बॅक्टेरियाचं, त्याच्या अंगावरच असतं, त्यामुळे तो बऱ्याच अँटीबॉडींच्या शेपटीला, त्या कशाच्याही विरुद्धच्या असल्या तरी, चिकटू शकतो. तुमची अँटीबॉडी सशाची असेल तर दुसऱ्याच कशाच्या तरी विरुद्धची सशाची आयजीजी बसवलेली एक चिप कंट्रोलला ठेवा, तिच्यावरही सिग्नल आला तर ती पकड तुमच्या अँटीबॉडीची नाही.