मॉडेलवर बेतलेले घरपाहणी अहवाल : घरमालक परवान्यासाठी कितपत भरवशाचे?

इंग्लंडमध्ये एखाद्या भागातल्या खासगी घरमालकांना परवाना सक्तीचा करायचा, म्हणजे ‘सिलेक्टिव्ह लायसन्सिंग’ लावायचं, तर कौन्सिलला, म्हणजे तिथल्या स्थानिक प्रशासनाला, आधी कारण दाखवावं लागतं. ते कारण ‘घरांची वाईट हालत’ असेल, तर २०१५ च्या सरकारी आदेशाप्रमाणे आधी घरांच्या हालतीचा आढावा घ्यावा लागतो आणि त्यातून बऱ्याच घरांची तपासणी गरजेची आहे, असं निघावं लागतं. हा आढावा अनेक कौन्सिलं बाहेरून विकत घेतात. कौन्सिल टॅक्स (घरावरचा स्थानिक कर), हाउसिंग बेनिफिट (भाड्यासाठीची सरकारी मदत), आलेल्या तक्रारी, ईपीसी म्हणजे घराचं ऊर्जा प्रमाणपत्र आणि इंग्लिश हाउसिंग सर्व्हे ही देशभरातल्या घरांची नमुना पाहणी, हे सगळं जोडून संगणकाचं मॉडेल पत्त्यागणिक अंदाज देतं.

पत्ते शोधायला ही सेवा उत्तम. भाड्याचं घर नेमकं कुठलं, याची नोंद एका जागी सहसा नसतेच. टॅक्सच्या बिलावरची बदलती नावं आणि बेनिफिटचे अर्ज एकत्र पाहिले की चित्र बऱ्यापैकी खरं उतरतं. थंडीचा धोकाही मॉडेल ठीक पकडतं, कारण भिंतीचा प्रकार आणि हीटिंग ईपीसीत असतं. फक्त ते प्रमाणपत्र दहा वर्षं चालतं. मधल्या काळात बॉयलर बदलला असेल तर आकडा शिळा.

खरी अडचण धोक्याच्या गुणांत आहे. घरातले आरोग्याचे आणि सुरक्षिततेचे धोके मोजायच्या एचएचएसआरएस या पद्धतीच्या २००५ च्या नियमावलीत २९ धोके आहेत. पुढच्या बारा महिन्यांत इजा होण्याची शक्यता आणि इजेची तीव्रता, यांवरून गुण निघतात. तीव्रतेच्या चार वर्गांना १०,०००, १,०००, ३०० आणि १० असं वजन असतं. कठडा नसलेला उभट जिना घ्या. इजांची चार वर्गांतली टक्केवारी २.२, ४.६, २१.५ आणि ७१.७ धरली आणि शक्यता ३२ त १ ठरवली, तर गुण साधारण १,०५५ येतात. हजारावर गेलं की कॅटेगरी १, आणि मग कारवाई करणं कौन्सिलवर बंधनकारक. तीच शक्यता ५६ त १ धरली, तर गुण जेमतेम ६०० होतात. धोका कॅटेगरी २ त जातो आणि कारवाई ऐच्छिक होते. हा फरक कशाने पडतो? कठडा आहे का, पायऱ्या एकसारख्या उंचीच्या आहेत का, खाली उतरल्यावर काचेचं दार आहे का, यांनी. यातलं काहीही टॅक्सच्या नोंदीत दिसत नाही. म्हणून अहवालातला ‘या वॉर्डात इतकी कॅटेगरी १ घरं’ हा आकडा मोजणी समजून वाचू नका.

ओल आणि बुरशीचंही तसंच. बाथरूमचा पंखा खरंच हवा ओढतो का, कपडे कुठे वाळतात, एका खोलीत किती माणसं झोपतात, हे आत गेल्याशिवाय कळत नाही. आत जाऊनही निव्वळ मीटरवर विसंबू नये. प्लॅस्टरमध्ये क्षार असले की ओलीचा मीटर उगाच वर जातो.

त्यामुळे आमचा आग्रह एकच: मॉडेलसोबत नमुना पाहणी घ्याच. वॉर्ड, बांधकामाचा काळ आणि घराचा प्रकार यांनुसार गट पाडून चिठ्ठ्या टाकल्यासारखे पत्ते निवडावेत. केवळ तक्रार आलेली घरं पाहिली, तर हालत आहे त्याहून वाईट दिसते. उलट दार न उघडणाऱ्यांना सरळ वगळलं, तर घर जाईल या धास्तीने गप्प बसलेले भाडेकरूच सुटतात. २००४ च्या हाउसिंग ॲक्टच्या कलम २३९ खाली निदान २४ तासांची सूचना देऊन जाता येतं. पण नमुना पाहणीत आधी भाडेकरूच्या भाषेतलं पत्र आणि संध्याकाळची वेळ जास्त कामी येते. नकार किती आले, हेही अहवालात छापलेलं हवं.

पाहणी पक्की लागते, त्याला आणखी एक कारण आहे. २०१८ मध्ये हिंडबर्न कौन्सिलच्या खटल्यात अपील कोर्टाने सांगितलं की सिलेक्टिव्ह परवान्याच्या अटी घराचं व्यवस्थापन, वापर आणि राहणं यांपुरत्याच असतात. नव्या सोयी किंवा दुरुस्त्या त्या अटींतून लादता येत नाहीत. म्हणजे परवान्याचे पैसे भरून घेतले तरी जिन्याला कठडा आपोआप लागत नाही. त्यासाठी अधिकाऱ्याने घरात जाऊन धोका मोजावा लागतो आणि २००४ च्या हाउसिंग ॲक्टच्या पहिल्या भागाखाली नोटीस काढावी लागते. योजना जास्तीत जास्त पाच वर्षांची असते. तपासनीस किती, वर्षाला घरं किती, हा हिशेब नसलेला अहवाल कितीही सुबक असला तरी अर्धाच.

लेस्टर किंवा वेम्बलीत भाड्याने राहणाऱ्या, तसंच घर भाड्याने देणाऱ्या मराठी मंडळींनाही हे अहवाल वाचता येतात, कारण योजनेआधी किमान दहा आठवडे लोकांची मतं मागवावी लागतात. त्या मुदतीत तीन गोष्टी लेखी विचारा: प्रत्यक्ष आत जाऊन किती घरं पाहिली, मॉडेलचा अंदाज त्या घरांशी किती जुळला, आणि ईपीसी नसलेल्या घरांना कोणता आकडा लावला. तिसऱ्याचं उत्तर बहुधा तांत्रिक परिशिष्टात असतं. परिशिष्ट जोडलेलं नसेल, तर तेही मागून घ्या.