भजनी मंडळाचे हिशेब आणि आमचे लेखापाल : तीन वर्षांचा अनुभव

फोंडा तालुक्यातील आमच्या भजनी मंडळाचा मी खजिनदार आहे. तीन वर्षांपूर्वी आम्ही मंडळाचे हिशेब फोंडा शहरातील एका सनदी लेखापालांकडे सोपविले, त्या सेवेविषयी हे लिहीत आहे.

तोवर वार्षिक सभेत मार्चअखेरची शिल्लक वाचून दाखविली जाई आणि ती वाढलेली असली की सभा समाधानाने उठे. या लेखापालांनी मागील दहा वर्षांचे जमाखर्च मागवून शेजारीशेजारी मांडले, तेव्हा ही वाढ बहुतांशी कायमनिधीतील, म्हणजे मूळ रक्कम न मोडता केवळ व्याज वापरायचे अशा, देणग्यांची असून श्रावणातील सप्ताह, बाहेरच्या गायक-वादकांचे मानधन आणि पेटी-तबल्याची दुरुस्ती एवढा नेहमीचा खर्चही उत्पन्नातून भागत नव्हता, हे आम्हांला प्रथमच कळले.

कारण आमच्याच जुन्या योजनेत होते. आईवडिलांच्या स्मरणार्थ कोणी 10,000 रुपये ठेवले की त्यांच्या व्याजातून दरवर्षी ठरलेल्या तिथीला भजन आणि प्रसाद करायचा, असा शब्द मंडळ देत आले आहे. 2013-14 च्या सुमारास मुदत ठेवीवर 9 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला 900 रुपये व्याज मिळे. 2020 मध्ये मोठ्या बँकांचे दर साडेपाच टक्क्यांच्या आसपास उतरले, आणि पुढे ते काहीसे सावरले तरी नारळ, तेल आणि फुले यांचे भाव मागे आले नाहीत. ही तूट आम्ही नकळत इतर देणग्यांतून भरत होतो. लेखापालांच्या सल्ल्यावरून आता नव्या ठेवीच्या पावतीवर ‘व्याजातून शक्य होईल तेवढे’ असे लिहितो, आणि रक्कम कायमनिधीसाठी आहे असा दात्याचा स्पष्ट निर्देशही घेतो, कारण तो नसल्यास आयकराच्या हिशेबात ती साधे उत्पन्न ठरते व उत्पन्नातील किमान 85 टक्के रक्कम संस्थेच्या कामावर खर्च करण्याचा नियम तिला लागू होतो.

उणिवाही आहेत. सप्टेंबरात, लेखापरीक्षणाच्या घाईत, त्यांच्याशी बोलणे होत नाही. अहवाल इंग्रजीत येतो, त्यामुळे ज्येष्ठ सभासदांसाठी एका पानाचा मराठी गोषवारा आम्हांला मागून घ्यावा लागला.

त्यांच्याकडे जाणाऱ्या संस्थांनी पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती सोबत न्याव्यात. आमच्या दोन वर्षांच्या सापडल्या नाहीत. बँकेच्या पासबुकावरून जेवढे जुळले तेवढेच त्यांनी धरले, अंदाजाने एक रुपयाही भरला नाही.