कॅसिओ एफएक्स-९९१ईएस प्लस: मोठ्या संख्यांचे घातांक रूप आणि एक फसवी कळ

नाशिकमध्ये अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेल्या मुलांकडे जे गणकयंत्र हमखास दिसते, ते मी एम. जी. रोडवरील एका दुकानातून घेतले. साध्या संख्या वैज्ञानिक अंकलेखनात, म्हणजे १ ते १० मधील संख्या गुणिले १० चा घात या रूपात, ते कशा मांडते हे पाहणे हा माझा मुख्य हेतू होता.

चाचणीसाठी संख्या घरचीच निवडली. पावसाळ्यात गंगापूर धरणातून सोडलेले पाणी वर्तमानपत्रे टीएमसीत मोजतात. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, अर्थात २८३१६८४६५९२ लिटर. ही संख्या भरून बरोबरची कळ दाबली की यंत्र काही न सांगता २.८३१६८४६५९ × १०^१० असे उत्तर देते, कारण १० चा १० वा घात किंवा त्याहून मोठी संख्या पडद्यावर पूर्ण मावत नाही. मात्र तेच पाणी घनमीटरमध्ये, म्हणजे २८३१६८४६.५९२ असे भरल्यास ते साध्याच रूपात राहते. ती घातांक रूपात आणण्यासाठी शिफ्ट, मोड आणि ७ या कळा दाबून एससीआय, म्हणजे वैज्ञानिक मांडणी, निवडावी लागते आणि किती सार्थ अंक (संख्येत दाखवायचे एकूण अंक) हवेत ते सांगावे लागते. ५ सांगितल्यास २.८३१७ × १०^७ मिळते. ० सांगितल्यास दहा अंक मिळतात, हे मात्र यंत्रासोबतचे माहितीपत्रक वाचल्याशिवाय कोणाच्या लक्षात येणार नाही.

सार्थ अंकांची ही निवड विद्यार्थ्यांना गोंधळात टाकते. तीन अंक ठरवले असताना ४५००० चे ४.५० × १०^४ होते, तर पुस्तकात ४.५ × १०^४ छापलेले असते. शिवाय यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले तरी ही मांडणी तशीच राहते, त्यामुळे २५ गुणिले ४ चे उत्तरही १.०० × १०^२ येते. पूर्ववत करण्यासाठी शिफ्ट, मोड, ८ आणि नंतर १ दाबावे. लहान संख्यांची अडचण वेगळी आहे: नेहमीच्या मांडणीत ०.०००४५ भरल्यावर ९/२०००० हा अपूर्णांक समोर येतो आणि दशांश रूपासाठी एस-डी कळ दाबावी लागते.

ईएनजी ही कळ घात तीनच्या पटीत ठेवते, म्हणून वरील घनमीटर २८.३१६८४६५९ × १०^६ होतात. आपले लाख आणि कोटी अनुक्रमे पाचव्या व सातव्या घातावर असल्याने ही कळ तेथे कधीच थांबत नाही. किलो, मेगा, गिगा यांच्याशी काम करणाऱ्या विद्युत शाखेच्या मुलांनाच तिचा खरा उपयोग आहे.

सर्वाधिक सावधगिरी हवी ती खालच्या ओळीतील १० च्या घाताच्या स्वतंत्र कळेबाबत. १ भागिले २ लिहून या कळेने १० चा ३ रा घात जोडल्यास यंत्र २ × १०^३ ही एकच संख्या मानते आणि उत्तर १/२०००, म्हणजे ५ × १०^-४, येते. हेच गुणाकाराची कळ, १० आणि घाताची कळ वापरून लिहिल्यास गणित डावीकडून उजवीकडे सुटते व उत्तर ५०० येते. यंत्र दोन्ही ठिकाणी नियमाप्रमाणेच वागते, परंतु भौतिकशास्त्राच्या उदाहरणात छेदामध्ये असा घात असल्यास चुकीची कळ उत्तर कुठल्या कुठे नेऊन ठेवते.

बारावीच्या बोर्डाच्या परीक्षेत गणकयंत्राला परवानगी नाही आणि तेथे लॉगटेबल वापरायचे असते, त्यामुळे अकरावी-बारावीच्या मुलांनी दशांश चिन्ह सरकवण्याचा सराव हातानेच करावा व यंत्र फक्त पडताळणीसाठी ठेवावे. सौरपट्टी आणि बटण-सेल अशी दुहेरी सोय, चाळीस शास्त्रीय स्थिरांक आणि पुस्तकातल्याप्रमाणे दिसणारे अपूर्णांक यांसाठी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने जास्तीची किंमत अवश्य द्यावी. ज्यांना केवळ हे रूपांतर हवे आहे, त्यांनी त्याच कंपनीचे स्वस्त एफएक्स-८२एमएस मागावे. एससीआय आणि ईएनजी या दोन्ही सोयी त्यातही आहेत.