जुन्या पुस्तकांचे दुकान, नवी पेठ, सोलापूर: फिलिस श्लाफ्ली यांच्या दोन पुस्तकांच्या निमित्ताने

राज्यशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला जुने इंग्रजी पुस्तक हवे असेल तर पुण्याची गाडी पकडावी लागते, ही सोलापुरात आम्हा शिक्षकांची जुनी तक्रार आहे. नवी पेठेत कापडाच्या दुकानांमागच्या गल्लीत असलेल्या या दुकानाने ती बरीचशी दूर केली, आणि म्हणूनच हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे.

मला अमेरिकेतील कॅथलिक परंपरावादी लेखिका व राजकीय कार्यकर्त्या फिलिस श्लाफ्ली (1924–2016) यांची पुस्तके हवी होती. गल्ल्याशेजारी लाल कापडी बांधणीची एक वही असते. तिच्यात नाव, दूरध्वनी क्रमांक आणि पुस्तकाचे नाव लिहून यायचे, एवढीच पद्धत. आगाऊ रक्कम मागत नाहीत. तीन महिन्यांनी मालकांचा फोन आला, "मॅडम, तुमच्या त्या बाईंचं एक पुस्तक आलंय."

ते होते 1964 सालचे ‘अ चॉइस नॉट ॲन एको’. श्लाफ्ली यांनी ते इलिनॉय राज्यातील आल्टन या गावातून स्वतःच प्रकाशित केले होते आणि त्याच्या तीस लाखांहून अधिक प्रती वाचकांपर्यंत गेल्या. रिपब्लिकन पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार न्यूयॉर्कमधील मूठभर धनिक मंडळी ठरवतात आणि गावोगावच्या कार्यकर्त्यांनी फक्त मान डोलवायची असते, हा त्यातील मुख्य आरोप. त्या वर्षी कार्यकर्त्यांच्या पसंतीचे बॅरी गोल्डवॉटर उमेदवार झाले आणि नोव्हेंबरमध्ये लिंडन जॉन्सन यांच्याकडून मोठ्या फरकाने हरले.

निवडणुकांच्या निकालांवरून मोजले तर श्लाफ्ली यांची कारकीर्द अपयशाचीच म्हणावी लागेल. प्रतिनिधिगृहासाठी त्या 1952 मध्ये हरल्या, 1970 मध्येही हरल्या. मधल्या काळात, 1967 साली, पक्षाच्या महिला महासंघाचे अध्यक्षपदही त्यांना मिळाले नाही. मात्र त्याच 1967 साली त्यांनी स्वतःच्या नावाचे मासिक वार्तापत्र सुरू केले, आणि त्यांची खरी ताकद मला तिथे दिसते. स्त्री-पुरुषांना कायद्याने समान हक्क देणारी घटनादुरुस्ती मार्च 1972 मध्ये अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, राज्यांकडे मंजुरीसाठी पाठवली, तेव्हा ती संमत होणार यात फारशी कुणाला शंका नव्हती. 38 राज्यांची संमती पुरेशी होती आणि पहिल्या वर्षभरातच 30 राज्यांनी ती दिलीही. श्लाफ्ली यांनी वार्तापत्राच्या वाचक स्त्रियांना हाताशी धरून विरोध उभा केला. या दुरुस्तीने मुलींना सक्तीची लष्करभरती लागू होईल आणि बायकोला पोसण्याची नवऱ्याची कायदेशीर जबाबदारी संपेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यांच्या कार्यकर्त्या इलिनॉयच्या आमदारांना घरी भाजलेला पाव आणि मुरंबा नेऊन देत. मुदत वाढवूनही 30 जून 1982 रोजी आकडा 35 वरच थांबला होता.

दुसरे पुस्तक मात्र माझे मीच शोधले. 1977 सालचे ‘द पॉवर ऑफ द पॉझिटिव्ह वुमन’ हे ‘व्यक्तिमत्त्व विकास’ अशी चिठ्ठी लावलेल्या फळीवर, यशाची सूत्रे सांगणाऱ्या पुस्तकांच्या थप्पीत पडून होते. नुसते शीर्षक वाचून मांडणी केली की असे होते. ते पुस्तक स्त्रीवादी चळवळीला दिलेले थेट राजकीय उत्तर आहे. राजकारणाच्या फळीवर शोधणाऱ्या वाचकाला ते कधीही सापडले नसते. मालकांना हे सांगितल्यावर त्यांनी ती फळी पुन्हा लावून घेतली, हे मुद्दाम नोंदवते.

मला श्लाफ्ली यांचे म्हणणे पटत नाही, आणि ते का पटत नाही हे सोलापुरात बसून अधिक स्पष्ट दिसते. पूर्व भागातील माझ्या विद्यार्थिनींच्या आया मांडीवर सूप घेऊन तेंदूच्या पानांत तंबाखू वळतात. मजुरी हजार विड्यांमागे मिळते आणि चूल त्याच खोलीत असते. नवऱ्याच्या कमाईवर सुरक्षित असलेली गृहिणी, जिचे हक्क राखण्यासाठी श्लाफ्ली लढल्या, ती या घरांत मला भेटलेली नाही. खुद्द श्लाफ्लीही केवळ गृहिणी नव्हत्या. महायुद्धाच्या काळात दारूगोळ्याच्या कारखान्यात रात्रपाळीला काडतुसांची चाचणी घेऊन त्यांनी कॉलेजचा खर्च भागवला, आणि सहा मुलांची आई असताना, पन्नाशी उलटल्यावर, 1978 मध्ये कायद्याची पदवी घेतली. तरीही हरलेल्या निवडणुकीनंतर कार्यकर्ते विखरू न देता त्यांना दरमहा काहीतरी वाचायला पाठवत राहण्याची त्यांची चिकाटी मी वर्गात आवर्जून शिकवते.

आता व्यवहाराचे. दोन्ही पुस्तकांचे मिळून 370 रुपये झाले. दर वाजवी आहेत. पहिल्या पुस्तकाची पाने सुटली होती. ती दुकानातच शिवून, खळीत मोरचूद घालून बांधून दिली आणि त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. दोर घट्ट आहे, पुस्तक सपाट उघडते, कसरही लागलेली नाही.

एक उणीव मात्र गंभीर आहे. किमतीचे स्टिकर शीर्षकपानावर, जुन्या ग्रंथालयाच्या लंबगोल शिक्क्यावरच चिकटवले होते. मी ते वाफ देऊन, नखाने हळूहळू सोडवले, तरी पिवळा पडलेला कागद निघाला आणि शिक्क्याचा डावा अर्धा भाग स्टिकरबरोबर गेला. आल्टनहून निघालेली ही प्रत कुणाकुणाच्या हातांतून सोलापूरला पोचली, हे सांगणारी तेवढीच एक खूण त्या पुस्तकात होती.

दुकान सोमवारी बंद असते आणि सायंकाळी पाचनंतर शांतपणे पुस्तके चाळता येतात. श्लाफ्ली यांच्या वार्तापत्राचे जुने अंक मिळाले तर हवेत, अशी नोंद मी लाल वहीत केली असून तिच्यापुढे ‘किंमत पेन्सिलीने लिहावी, स्टिकर लावू नये’ असेही लिहून आले आहे.