मालवणात आधी काय: बंदरावरचे दिवे की सांडपाणी?

नगरपरिषदेच्या उमेदवारापुढे दोन कामं आहेत. बंदरावर दिवे, बाकं, फरसबंदी केली, तर सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होडीची वाट बघणारा घटकाभर टेकेल, भजीवाल्याचे चार पैसे होतील. हे खरंच हवं. पण खाऱ्या वाऱ्यात लोखंडी खांबाच्या बुडाला गंजाचे पापुद्रे सुटतात, देखभालीचा खर्च संपत नाही.

सांडपाण्याचं काम जमिनीखाली, त्यामुळे फोटोत दिसत नाही. पण आपला जांभा दगड सच्छिद्र, शोषखड्ड्यातलं पाणी विहिरीपर्यंत झिरपू शकतं. उरलेलं गटारातून किनाऱ्यावर येतं, आणि त्याच वाळूवर रापणीचं मोठं जाळं ओढून मासळी निवडतात. पर्यटक दोन दिवसांनी जातो. विहिरीचं पाणी आपली पोरं बारा महिने पितात. माझं मत सांडपाण्यालाच.