हेडर बसवायला दिले आणि मॅनिफोल्ड घालवून बसलो

डेट्रॉइटच्या उत्तरेला राहायचं आणि दर ऑगस्टला वूडवर्ड ॲव्हेन्यूच्या कडेला खुर्ची टाकून ड्रीम क्रूझमधल्या, म्हणजे जुन्या गाड्यांच्या मिरवणुकीतल्या, गाड्या नुसत्या बघायच्या, हे माझ्याच्याने फार वर्षं झालं नाही. १९६७ ची पॉन्टिॲक जीटीओ घेतली. ४०० क्युबिक इंचाचं, म्हणजे ६.६ लिटरचं व्ही-एट, ३३५ हॉर्सपॉवर, चार गिअर, मॅन्युअल. बायको एवढंच म्हणाली, "सांगलीत बुलेट होती तेव्हाही अर्धा पगार सायलेन्सरवरच जायचा."

खोटं नव्हतं. गाडी येऊन वर्ष होत नाही तोच मला हेडर हवे झाले. मूळ गाडीत इंजिनाच्या दोन्ही अंगांना ओतीव लोखंडाचा एकेक मॅनिफोल्ड असतो. चार सिलिंडरचा धूर एका आखूड पोकळीत कोंबला जातो. हेडरमध्ये प्रत्येक सिलिंडरला स्वतःची लांब नळी असते आणि त्या पुढे जाऊन एकत्र मिळतात. धूर मोकळा निघतो, वरच्या आरपीएमला ताकद वाढते. हे सगळं लोकांना सांगायला. खरं तर आवाज हवा होता.

ओळखीच्यांच्या ओळखीतून एक मेकॅनिक सापडला. शहराबाहेर पत्र्याची मोठी शेड, आत बॉनेट उघडून ठेवलेली एक जुनी शेव्हरोले शेव्हेल, भिंतीवर जुन्या नंबरप्लेट. पॉन्टिॲकची फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, १-८-४-३-६-५-७-२, त्याने पोराने पाढे म्हणावेत तशी म्हणून दाखवली आणि मी तिथेच विरघळलो. ३०४ ग्रेडचं स्टेनलेस, १६ गेज जाडीच्या नळ्या, वर सिरॅमिक कोटिंग, मजुरीसकट २,८०० डॉलर. १,५०० चा चेक आधी. उरलेले रोख दिले तर २०० सूट. पावतीवर एकच ओळ: 'हेडर आणि मजुरी'. ना गेज, ना ग्रेड, ना कंपनीचं नाव. भाजी घेतानासुद्धा मी यापेक्षा जास्त चौकशी करतो.

जुने मॅनिफोल्ड मला परत हवेत, एवढं मात्र बजावलं होतं. "खोक्यात ठेवतो," म्हणाला.

दोन आठवड्यांचे सात झाले. गाडी मिळाली ती संध्याकाळी, अंधार पडताना. बॉनेटखाली चंदेरी नळ्या नुसत्या चमकत होत्या. सुरू केली आणि छातीत घुमली. त्या दिवशी मी त्याला वर वीस डॉलर दिले, हे लिहिताना आजही लाज वाटते.

तिसऱ्या आठवड्यात गाडी थंड असताना टिक-टिक सुरू झाली. मग लांब फेरी मारून थांबलो की स्टार्टर रडायला लागला. त्यालाच फोन केला तर म्हणाला, व्हॉल्व्ह ॲडजस्ट करावे लागतील, ४०० डॉलर. नशीब, आधी आमच्या मंडळातल्या एका निवृत्त काकांना बोलावलं. त्यांचा जन्म इंजिनांत गेलेला. त्यांनी कान लावला आणि म्हणाले, "अरे, तापल्यावर आवाज जातो ना? मग हा व्हॉल्व्ह कसला, हेडरचं गास्केट फुंकतंय. नळ्या इंजिनाला जोडणारी पट्टी पातळ आहे, वाकली असणार." गाडी जॅकस्टँडवर घेऊन ते खाली शिरले आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "फ्रीजवरचा एखादा मॅग्नेट आण."

मी गणपतीचा आणला. मंडळाच्या उत्सवात वाटलेला, प्लॅस्टिकचा. काकांनी तो नळीला लावला आणि हात काढला. बाप्पा जागचे हलेनात. ३०४ ला लोहचुंबक चिकटत नाही. वाकवलेल्या जागी किंचित ओढ लागली तर लागते. इथे तो सरळ भागावरही घट्ट बसला. साधं लोखंड. कोटिंग म्हणजे डब्यातला चंदेरी रंग, काकांच्या नखाने खपलीसारखा निघाला. क्लचच्या लिंकेजपाशी एक नळी हातोड्याने ठोकून जवळजवळ निम्मी चपटी केली होती, तीही इंजिनाकडच्या बाजूने, म्हणजे वरून दिसायला नको. अशा जुन्या गाड्यांत जागा करायला बारीकसा खळगा पाडावा लागतो, त्यात गैर काही नाही. हा खळगा नव्हता.

इथवरचं नुकसान मी गिळलं असतं. हेडर बाजारात पुन्हा मिळतात.

पण मग खोकं उघडलं. पॉन्टिॲकच्या ओतीव भागांवर तारीख असते: महिन्याचं अक्षर, मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा आकडा. ए म्हणजे जानेवारी, बी म्हणजे फेब्रुवारी. विम्यासाठी मी इंजिनाचे फोटो काढले होते, त्यातल्या एकात योगायोगाने मॅनिफोल्डवरचा 'बी २१ ७' स्वच्छ दिसतो: २१ फेब्रुवारी १९६७. खोक्यातल्यावर होतं 'डी ९ १'. एप्रिल १९७१. माझी गाडी तयार झाली तेव्हा हे लोखंड ओतलंही नव्हतं. गाडीच्या तारखेशी जुळणारे मॅनिफोल्ड हवे असणारी माणसं चांगले पैसे मोजतात, आणि ते त्याला माझ्याआधी माहीत होतं.

"तुझ्या गाडीतून निघाले तेच आहेत," म्हणाला. फोटो पाठवल्यावर "अदलाबदल झाली असेल" झालं. नंतर फोन उचलणंच बंद.

मिशिगनमध्ये १९७४ चा वाहनदुरुस्तीचा कायदा आहे. गॅरेजची नोंदणी राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट या खात्याकडे लागते आणि काढलेले भाग मागितले तर परत द्यावे लागतात. नोंदणी ऑनलाइन तपासता येते. मी तपासली, पण सगळं होऊन गेल्यावर; त्या शेडची नोंदच नव्हती. तक्रार केली, स्मॉल क्लेम्सचा, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांच्या कोर्टाचा, अर्जही भरला. तारखेच्या आधी त्याने चेकचे १,५०० परत केले. रोख दिलेल्या १,१०० चा कागदच नव्हता, त्यामुळे तिथे मी मुका. मॅनिफोल्डबद्दल त्याने शेवटपर्यंत कानावर हात ठेवले.

कुणी हेडर बसवणार असाल तर गाडी सोडण्याआधी प्रत्येक नंबराचा फोटो काढा, आणि जुने भाग काढले त्याच दिवशी जाऊन डिकीत टाकून आणा. गाडी तयार व्हायची वाट बघू नका.

आता स्वॅप मीटला, म्हणजे जुन्या सुट्या भागांच्या बाजाराला, गेलो की मी तारेचा ब्रश खिशात ठेवतो. टेबलाखाली गंजलेले पॉन्टिॲकचे मॅनिफोल्ड दिसले की उकिडवा बसतो आणि घासून अक्षर वाचतो. मागच्या खेपेला 'बी २' दिसलं, पुढचं गंजाखाली होतं. विकणारा बघत होता, मी घासत होतो. बी २४ ८ निघालं.